नगर परिषदेचा पैसा वस्तीपर्यंत कसा येतो : अर्थसंकल्प, आराखडा आणि ठेके

20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्यावर काय घडले, हे आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. त्या तळ्याबाबत महाड नगरपालिकेचा ठराव तीन वर्षे आधीच झालेला होता, हे मात्र सभांमधून क्वचितच सांगितले जाते. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट 1923 मध्ये मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच बंद राहिले. सत्याग्रहानंतर, ऑगस्ट 1927 मध्ये, त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. पुढे प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडले.

आज आपल्या शहरातल्या नगर परिषदेच्या दप्तरातही असे अनेक ठराव पडून आहेत. वस्तीच्या गटाराला मंजुरी आहे, समाजमंदिराच्या दुरुस्तीला तरतूद आहे, पाण्याच्या टाकीला जागा आरक्षित आहे. प्रत्यक्षात काहीच नाही. आपले कार्यकर्ते निवेदन देतात, मोर्चा काढतात, पण बहुतेक वेळा रस्ता उखडल्यावर किंवा निधी परत गेल्यावर. तोपर्यंत त्या कामाच्या कागदावर चार-पाच सह्या होऊन गेलेल्या असतात. त्या सह्या कुठे, कधी आणि कोणाच्या होतात, आणि आपण कोणत्या टप्प्यावर हजर असले पाहिजे, याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

संस्था कोणती आणि पैसा कुठून येतो

महाराष्ट्रातली लहान शहरे 'महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965' या कायद्याने चालतात. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग, 40 हजार ते एक लाख 'ब' वर्ग आणि 25 ते 40 हजार 'क' वर्ग नगर परिषद. गावाचे शहर होत असलेल्या, 10 ते 25 हजार वस्तीच्या ठिकाणी नगर पंचायत असते. 74 व्या घटनादुरुस्तीने (अंमल 1 जून 1993 पासून) या संस्थांना संविधानात स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी 18 विषय दिले आहेत. त्यांत नगररचना, रस्ते, पाणीपुरवठा, घनकचरा, झोपडपट्टी सुधारणा यांच्याबरोबर आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हेही विषय आहेत.

अनेक शहरांत काही वर्षे प्रशासकाचा कारभार होता. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर लोकनियुक्त नगराध्यक्ष आणि नगरसेवक पुन्हा आले आहेत. सभेत प्रश्न विचारणारा आपल्या प्रभागाचा माणूस आता तिथे आहे, हे लक्षात ठेवा.

पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट स्वतःच्या उत्पन्नाची : घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे, बाजार फी, बांधकाम परवानगीचे विकास शुल्क. दुसरी वाट राज्याच्या अनुदानाची. नगर परिषदांची जकात 1999 मध्ये बंद झाली. तेव्हापासून पगार आणि रोजचा खर्च बराचसा शासनाच्या सहायक अनुदानावर चालतो. तिसरी वाट योजनांची : केंद्रीय वित्त आयोग, नगरोत्थान, वस्ती सुधारणा, आमदार-खासदार निधी. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (2021 ते 2026) लहान शहरांच्या अनुदानातले 60 टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले होते. म्हणून "निधी नाही" असे उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न विचारायचा : कोणत्या शीर्षात नाही?

अर्थसंकल्प कसा वाचायचा

शब्दांचा घोळ आधी सोडवू. कार्यालयात वर्षाच्या जमाखर्चालाही 'अंदाजपत्रक' म्हणतात आणि एका रस्त्याच्या खर्चाच्या हिशेबालाही 'अंदाजपत्रक'च म्हणतात. या लेखात वर्षाचा तो अर्थसंकल्प आणि कामाचे ते अंदाजपत्रक.

अर्थसंकल्पाची तयारी हिवाळ्यात लेखा विभागात सुरू होते. मुख्याधिकारी आणि लेखापाल मसुदा करतात, तो स्थायी समितीपुढे जातो आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत सर्वसाधारण सभेची विशेष बैठक घेऊन मंजूर केला जातो. पुस्तिकेची पाने पाहून घाबरू नका. प्रत्येक शीर्षासमोर तीन रकाने शोधा : मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. वर्तमानपत्रात बातमी येते ती तिसऱ्या रकान्याची. आपण वाचायचा तो पहिला.

समजा, वस्ती सुधारणेच्या शीर्षात गेल्या वर्षी 40 लाखांची तरतूद होती. सुधारित अंदाजात ती 15 लाख झाली, प्रत्यक्ष खर्च 6 लाख झाला आणि यंदा पुन्हा 40 लाख लिहिले आहेत. या एका ओळीत तुमच्या वस्तीची सगळी कहाणी आहे. तरतूद म्हणजे खर्च करायची परवानगी. खर्च करण्याची सक्ती तिच्यात नसते. सलग तीन वर्षांच्या पुस्तिका मिळवून हा रकाना एका कागदावर उतरवला, तरी कोणत्याही भाषणापेक्षा जास्त काम होते.

महसुली आणि भांडवली असे दोन भागही पाहा. पगार, वीजबिल, दुरुस्ती हे महसुली. नवा रस्ता, टाकी, इमारत हे भांडवली. 'शिलकी अर्थसंकल्प' असा मथळा पाहून खूश होण्याचे कारण नाही. मंजूर कामे न केल्यामुळेही शिल्लक दिसते.

आपल्या वाट्याची शीर्षे

नगर परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून 5 टक्के दुर्बल घटकांसाठी, 5 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. हे पैसे कोणत्या कामावर गेले, याची यादी मागता येते. दुर्बल घटकांच्या पाच टक्क्यांतून शहराच्या मुख्य चौकात दिवे लागले असतील, तर तो आक्षेपाचा मुद्दा आहे.

दुसरा मोठा स्रोत अनुसूचित जाती उपयोजनेचा. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण 11.8 टक्के आहे, आणि योजना खर्चात या प्रमाणात वाटा द्यायचा हे उपयोजनेमागचे तत्त्व. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत हा निधी वेगळा दाखवलेला असतो. शहरांसाठी वस्ती सुधारणेची कामे (रस्ते, गटारे, पाणी, दिवे, समाजमंदिर) यातूनच येतात. प्रस्ताव नगर परिषदेकडून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगर प्रशासन शाखेकडे जातो आणि अंतिम वाटप जिल्हा नियोजन समितीच्या चौकटीत ठरते. या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि तिचे चार पंचमांश सदस्य जिल्ह्यातल्या लोकनियुक्त प्रतिनिधींमधून निवडले जातात. आपल्या शहरातून कोणी सदस्य आहे का, हे शोधा. डिसेंबर 2020 मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. जुन्या यादीत एक नाव आणि नव्या यादीत दुसरे, यामुळे प्रस्ताव अडकणार नाही, याकडेही लक्ष हवे.

वैयक्तिक लाभात रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. नगर परिषद क्षेत्रात घरासाठी अडीच लाखांचे अनुदान मिळते. अर्ज बहुतेक वेळा जागेच्या कागदावर अडतो, आणि जागेचा प्रश्न सुटतो विकास आराखड्यात.

नेहमीची तक्रार अशी की, वस्तीच्या निधीतून केलेला रस्ता वस्तीच्या कडेने जातो आणि पलीकडच्या नव्या प्लॉटिंगला उपयोगी पडतो. यावर उपाय एकच : प्रस्तावाला जोडलेला स्थळदर्शक नकाशा मंजुरीआधी पाहणे. निधी दुसरीकडे वळवता येऊ नये यासाठी कर्नाटक आणि तेलंगणात उपयोजनेला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा, ही कार्यकर्त्यांची जुनी मागणी आहे.

विकास आराखडा : जागेची लढाई

अर्थसंकल्प एका वर्षाचा असतो, विकास आराखडा वीस वर्षांचा. 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966' प्रमाणे प्रत्येक नगर परिषद आपला आराखडा करते. कुठे रस्ता रुंद होणार, कुठे शाळा, बाग, दवाखाना, स्मशानभूमी, वाचनालय, हे त्यात ठरते.

आधी विद्यमान भूवापराचा नकाशा होतो, म्हणजे आज कोणत्या जागेवर काय आहे याची नोंद. आपली वस्ती, विहार, सभागृह, दफन-दहनाची जागा त्या नकाशावर दिसते का, हे पाहणे सगळ्यांत महत्त्वाचे. नकाशावर वस्तीच्या जागी मोकळी जमीन दाखवली, तर पुढे तिथून रस्ता आखला जातो किंवा दुसरेच आरक्षण पडते, आणि राहणारे लोक एका दिवसात अतिक्रमणधारक ठरतात.

प्रारूप आराखडा कलम 26 खाली प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. नकाशा कार्यालयात लावलेला असतो. त्या महिन्यात लेखी हरकत देणाऱ्याला नियोजन समितीपुढे सुनावणीची संधी मिळते. एका सह्यांच्या निवेदनावर थांबू नका. ज्याच्या घरावर किंवा जागेवर परिणाम होतो, त्या प्रत्येकाने वेगळी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. आराखडा मंजूर झाल्यावर बदल करून घेणे फार अवघड असते.

आरक्षण मिळाले म्हणजे काम झाले असेही नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो, आणि नंतरच्या मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपते. वाचनालयासाठी राखलेल्या जागेवर एक दिवस दुकानांची इमारत उभी राहते, ती अनेकदा या मार्गाने. आपल्या भागातल्या आरक्षणांची यादी तारखांसह जवळ ठेवा.

एका कामाचा प्रवास

गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याचे उदाहरण घेऊ. नगरसेवक मागणी देतो. अभियंता जागेवर मोजमाप घेतो आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो. रकमेनुसार सक्षम अधिकारी तांत्रिक मान्यता देतो. सभेचा ठराव आणि प्रशासकीय मान्यता होते. मग निविदा निघते; ठरावीक रकमेच्या वरच्या कामांना ई-निविदा सक्तीची आहे आणि ती शासनाच्या निविदा संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. दर स्वीकारले गेले की करारनामा होतो, सुरक्षा ठेव घेतली जाते आणि कार्यारंभ आदेश निघतो. काम चालू असताना अभियंता मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे 'एमबी'त, नोंदी करतो. त्या नोंदींवरच बिल निघते. शेवटी पूर्णत्वाचा दाखला आणि त्यानंतर दोष दायित्व कालावधी. या काळात रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो.

या प्रवासात गफलतीच्या ठरलेल्या जागा आहेत :

- तुकडे पाडणे. एकाच रस्त्याची 'अमुक घर ते तमुक घर' अशी तीन-चार कामे करतात, म्हणजे ई-निविदेची मर्यादा चुकते. सभेच्या विषयपत्रिकेवर एकाच गल्लीचे सलग विषय दिसले की समजून घ्या.
- साखळी. तीन निविदा येतात, तिन्ही एकाच गोटातल्या. दर दरसूचीच्या जवळ चिकटलेले. दुसऱ्या टोकाला फार कमी दराची निविदा, जिची भरपाई मालातून होते. अशा वेळी जादा सुरक्षा ठेव घेतली का, ते विचारा.
- दुबार काम. आमदार निधीतून झालेला रस्ता पुढच्या वर्षी वस्ती सुधारणेत पुन्हा दाखवणे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की सापडते.
- मोजमाप. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड रस्त्याला 45 घनमीटर काँक्रीट लागते. जाडी 10 सेंटिमीटर ठेवली तर 30 घनमीटर. एक तृतीयांश माल वाचला. हे पकडायला साधा टेप पुरतो, फक्त काँक्रीट पडण्याआधी फळीची उंची मोजायला जागेवर हजर असावे लागते.

नगरसेवकाचा परिषदेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर 1965 च्या अधिनियमात अपात्रतेची तरतूद आहे. बेकायदा ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. हा अर्ज पैसे खर्च होण्याआधी दिला तरच त्याचा उपयोग.

आपल्या तरुणांनी ठेकेदार म्हणूनही या व्यवस्थेत यावे, असे आम्हाला वाटते. कर्नाटकाने सार्वजनिक बांधकामाच्या ठराविक रकमेपर्यंतच्या ठेक्यांत अनुसूचित जाती-जमातींसाठी कायद्याने वाटा राखून ठेवला आहे. नोंदणी, पतपुरवठा आणि अनामत रक्कम ही खरी अडचण आहे. दुसऱ्याच्या नावाने नोंदलेली आपली संस्था चालवायला देणे हा त्यावरचा मार्ग नव्हे.

सफाईचा ठेका

लहान शहरात दरवर्षीचा मोठा ठेका बहुधा कचरा संकलन आणि सफाईचा असतो. त्यात राबणारे हात बहुतांश आपल्या आणि आपल्यासारख्या समाजांचे. निविदेत किती मजूर, किती घंटागाड्या, कोणता वेतनदर धरला आहे, हे लिहिलेले असते. कागदावर 60 आणि रस्त्यावर 35 मजूर असतील, तर उरलेल्यांचे वेतन कुठे जाते, हा प्रश्न सभेत विचारला गेला पाहिजे. हजेरीपट, बँकेतून वेतन दिल्याचा पुरावा आणि भविष्य निर्वाह निधीची चलने बिलासोबत मागता येतात. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालक म्हणून जबाबदारी नगर परिषदेवर येते, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून मान्य आहे. गटारात माणूस उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा अर्थसंकल्पात सक्शन यंत्र, हातमोजे, गमबूट यांना किती रक्कम ठेवली, हेही आपल्याच प्रश्नांच्या यादीत असावे.

लेखापरीक्षण आणि माहितीचा अधिकार

बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला. संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षकाला संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी मानले. हिशेब तपासणे हे त्यांच्या दृष्टीने लोकशाहीच्या मुळाशी असलेले काम होते.

नगर परिषदेचे लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. त्या अहवालात 'आक्षेपाधीन' आणि 'वसूलपात्र' अशा रकमा कामाच्या नावासह असतात. आपण शोधायला महिने लागतील ते लेखापरीक्षकाने आधीच लिहून ठेवलेले असते. मागच्या तीन वर्षांचे अहवाल आणि त्यांची अनुपालने मागवा.

माहिती अधिकार अधिनियम, 2005 मध्ये कागदाच्या प्रतींबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तराची मुदत 30 दिवस. "सर्व कामांची सर्व माहिती द्या" असा अर्ज हमखास फेटाळला जातो. एका कामाचे नाव घ्या आणि अंदाजपत्रक, दरांचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि चाचणी अहवाल, एवढेच मागा. शिवाय शासनाने 2018 मध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सोय केली आहे. दोघांनी जावे, वही न्यावी.

वर्षाचे वेळापत्रक

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वस्तीची बैठक घेऊन पाचच कामे ठरवा, क्रम लावून. बैठकीत महिलांचे म्हणणे आधी ऐका. पाणी आणि शौचालयाचे वास्तव त्यांना ठाऊक असते. नोव्हेंबरमध्ये ती यादी मुख्याधिकारी, नगराध्यक्ष आणि प्रभागाच्या नगरसेवकांना लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. जानेवारीत मसुद्यात ती कामे आली का, ते लेखा विभागात विचारा. फेब्रुवारीतल्या सभेत नगरसेवकाला उपसूचना मांडायला सांगा आणि इतिवृत्तात ती नोंदली गेल्याची खात्री करा. एप्रिल ते जून निविदा पाहा. पावसाळ्यानंतर दोष दायित्व काळातल्या रस्त्यांचे फोटो तारखेसह काढून दुरुस्तीची मागणी करा. 31 मार्चला खर्चाचा रकाना उतरवून घ्या.

यासाठी पाच जण पुरतात : एक हिशेब जाणणारा, एक स्थापत्य पदविकाधारक, एक अर्ज लिहिणारा आणि वस्तीतल्या दोन महिला. विहारात एक कपाट, त्यात प्रत्येक कामाची वेगळी फाइल. कार्यकर्ते बदलले, शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेले, तरी फाइल तिथेच राहिली पाहिजे. महाडच्या ठरावाला तीन वर्षे कोणी पाण्यापर्यंत नेले नव्हते. आपल्या नगर परिषदेच्या कपाटात आज किती ठराव तसे पडून आहेत, याची यादी येत्या सोमवारपासून करायला घेता येईल.